चढाओढ एकाच्याच डोक्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जॉन नोल्स यांच्या 'अ सेपरेट पीस' (१९५९) या कादंबरीची ओळख वाचली. आमच्या नातीला न्यू जर्सीत शाळेत हे पुस्तक होतं, तिच्या प्रतीवर मी दोनदा वाचलं. आपल्या लेखकाने ती जीन आणि फिनी या दोन प्रतिस्पर्धी शाळकरी मित्रांची गोष्ट ठरवली आहे. मला ते पटलं नाही. चढाओढ असते ती एकट्या जीनच्या डोक्यात. फिनीच्या ती गावीही नसते.

पोहण्याचा प्रसंग आठवा. फिनी सराव न करता तलावात उतरतो आणि फलकावरचा शाळेचा विक्रम मोडतो. साक्षीदार एकच, स्टॉपवॉच धरलेला जीन. उद्या सगळ्यांसमोर पोह, नोंद होईल, असं जीन म्हणतो. फिनी नको म्हणतो, वर कुणाला सांगू नकोस असंही बजावतो. जीनला हे पचतच नाही! आपला अभ्यास बुडावा म्हणूनच हा आपल्याला रोज कुठे ना कुठे ओढून नेतो, अशी त्याने मनाशी गाठ मारलेली असते. पुढे कळतं की, जीनला अभ्यास करावा लागतो हेच फिनीला ठाऊक नव्हतं. त्याला वाटे, मार्क याला आपोआप मिळतात.

आणि दोघे झाडावर उभे असताना जीन फांदी हलवतो, फिनी खाली पडून पाय मोडून घेतो, ते हे कळल्यानंतर. लेखात हा क्रम उलटा झाला आहे, म्हणून हे पत्र. शत्रू समजून पाडलं असतं तर एक वेळ समजलो असतो. हा शत्रू नाही, आपल्यापेक्षा निर्मळ आहे, हे जीनला सोसवत नाही.

मी हे ठामपणे लिहितो त्याला कारण आहे. १९७८ साली दहावीच्या पूर्वपरीक्षेआधी बाकावरच्या मित्राची भूमितीची वही मी चार दिवस दप्तरात ठेवली आणि 'घरी राहिली रे' म्हणत राहिलो. खाकी कव्हर, कोपऱ्यावर शाईचा डाग. पेपर सुटल्यावर त्याने विचारलं, "तुला प्रमेय आलं ना?" त्याला आलं नव्हतं.

जीन निदान बोस्टनला फिनीच्या घरी जाऊन कबुली देतो. फिनीच ऐकून घेत नाही. माझा मित्र दर दिवाळीला फोन करतो.

पत्र छापलंत तर नाव घालू नये, ही विनंती. तोही आपलंच वृत्तपत्र घेतो.

आपला,
एक वाचक, मिरज