म्हापशाच्या कॉम्प्युटरवाल्या काकांना, माझा तापट लॅपटॉप वाचवल्याबद्दल

काका, नमस्कार,

तुम्ही हे वाचाल की नाही देव जाणे, तुमचा मोबाईल कायम कोपऱ्यात चार्जिंगला आणि तुम्ही कायम कुणाच्या तरी मशीनमध्ये डोकं घालून, पण तुमच्या मुलापर्यंत हे नक्की पोचेल आणि तो वाचून दाखवेल. नाव लिहीत नाही, कारण तुम्हीच म्हणालात की नाव नको घालू, आहेत तीच कामं उरकत नाहीत.

मी साखळीची. तो जाडा काळा लॅपटॉप घेऊन आलेली, विठ्ठलापूरच्या चैत्रोत्सवाच्या व्हिडिओवाली. आता आठवलं असेल, कारण "हे रात्रीपर्यंत द्यायचंय" असं मी तुमच्या काउंटरवर दहादा तरी म्हटलं असेन आणि तुम्ही एकदाही चिडला नाहीत.

झालं काय होतं ते इथे सगळ्यांसाठी लिहिते, कारण उन्हाळ्यात हे घराघरात चाललेलं असतं. मी व्हिडिओ एडिटिंग करते, भजनं, नाटकं, लग्नं, जत्रा, जे येईल ते. एडिट करेपर्यंत लॅपटॉप ठीक, गरम व्हायचा पण चालायचा. एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाईल काढायला, लावला की पंखा विमानाला लाजवेल असा सुरू, कीबोर्डच्या वरची पट्टी हात लावू देईना, आणि अर्ध्यावर फट्कन काळोख. काही मेसेज नाही, निळा स्क्रीन नाही, सेव्ह करू का वगैरे विचारणं नाही, सरळ बंद. आणि अर्धवट एमपीफोर फाईल उघडत पण नाही, त्यामुळे परत पहिल्यापासून. व्हिडिओत वीरभद्र, म्हणजे उत्सवातलं ते सोंग, निघायच्या जरा आधी बंद पडायचा, दर वेळी, जवळपास तिथेच. आमच्या घरी तर आजी म्हणायला लागली की देवाला नारळ ठेव.

सल्ले तर विचारूच नका. व्हायरस असेल, फॉरमॅट मार. रॅम वाढव. टेबलफॅन लाव. एकाने चक्क फ्रिजमध्ये ठेव म्हणून सांगितलं, पाच मिनिटं फक्त, म्हणे. (कुणी करत असेल तर कृपा करून करू नका, बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत आतून पाणी धरतं, मग काकासुद्धा काही करू शकणार नाहीत.) आणि एका दुकानात, गाव पण सांगत नाही, त्यांनी न उघडताच सांगितलं की बोर्ड गेलाय, ह्याच्यावर पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये बघतो. मी नवीनचे हप्ते किती बसतील ते विचारून पण आले होते.

तुमच्याकडे आले तेव्हा नेमका शुक्रवार, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, मिरच्यांच्या पोत्यांमधून बॅग छातीशी धरून कशीबशी पोचले. आणि तुम्ही पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर नाही घेतलात, स्टूल पुढे केलंत आणि प्रश्न विचारलेत. बंद पडायच्या आधी पंखा जोरात फिरतो की नाही? चार्जर काढून बॅटरीवर पण पडतो का? पडल्यावर बटण दाबलं की लगेच उठतो की थोडा वेळ थांबावं लागतं? नुसता ठेवला, काही काम नाही दिलं, तर किती वेळ टिकतो? मला तेव्हा वाटलं हे काय वेळ काढतायत, पण नंतर तुम्ही समजावलंत तेव्हा कळलं की जोरात पंखा, बॅटरीवर पण तेच, आणि पडल्यावर थंड होईपर्यंत नीट उठत नाही, ह्या तिन्ही उत्तरांनी चार्जरवरचा संशय जवळजवळ संपला होता आणि बोट उष्णतेकडे गेलं होतं. थंड असताना पण असाच पडला असता तर मात्र चार्जर, बॅटरी, रॅम, बोर्ड असं शोधत बसावं लागलं असतं म्हणालात.

मग ते फुकटचं टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलंत, एचडब्ल्यूइन्फो, आणि मलाच म्हणालात तुझं एक्स्पोर्ट लाव, जे नेहमी लावतेस तेच. बसलो आपण बघत. नुसता असताना साठच्या पुढे, एक्स्पोर्ट सुरू झाल्यावर बघता बघता नव्वद, मग 97, 98, आणि बाजूला स्पीडचा आकडा साडेतीन गिगाहर्ट्झवरून खाली खाली एकच्या पण आत, मग तो आकडा तिथेच घुटमळला आणि काळोख. मी कपाळाला हात लावला आणि तुम्ही हसलात, म्हणालात, "बंद जाता म्हणून वाटावलो गो बाय तो." म्हणजे, बंद पडतो म्हणूनच वाचला.

काका, ह्या एका वाक्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तोपर्यंत सगळेजण, मीसुद्धा, त्या बंद पडण्याच्याच मागे लागलो होतो, ते कसं थांबवायचं म्हणून फॉरमॅट काय, नारळ काय. तुम्ही सांगितलंत की बंद पडणं हा आजारच नाही, प्रोसेसरची साधारण 100 डिग्रीच्या आसपास हद्द असते, तिच्या जवळ गेला की तो आधी स्वतःचा स्पीड कमी करतो, म्हणूनच एक्स्पोर्ट शेवटी शेवटी रडतखडत चालायचा, आणि तरी उष्णता उतरली नाही तर विंडोजला न विचारता आतूनच वीज तोडतो. विंडोजला पत्ताच नसतो, म्हणून मेसेज येत नाही, आणि म्हणूनच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नुसतं कर्नल पॉवर 41 दिसतं, म्हणजे अचानक बंद झाला होता एवढंच, का झाला ते नाही. मी त्या 41 वर किती रात्री वाचत बसले होते, त्याचं मला आता हसू येतं.

मग उघडलात. सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढलीत, ती काढल्याशिवाय बाकी कशाला हात नाही. पंखा दिसला आणि मी म्हटलं अहो हा तर साफ आहे! पाती जवळजवळ चकचकीत. तुम्ही काही बोलला नाहीत, पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला घेतलात आणि मागची ती तांब्याची बारीक जाळी, जिथून गरम वारा बाहेर पडतो, तिच्या तोंडावरून चिमट्याने धुळीची अख्खी पट्टी ओढून काढलीत. घोंगडीचा तुकडा कापून ठेवावा तशी, लांबीला जाळीएवढीच. बाहेरून बघितलं तर दिसणारच नाही अशा जागी, पंखा आणि जाळीच्या मधे. म्हणजे पंखा बिचारा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि वारा जात होता कुठे, तर परत आतच.

ती पट्टी उजेडात धरून तुम्ही विचारलंत, "दिवचलची न्हय गो तूं?" (डिचोलीकडची ना गं तू?) मी अजून गाव सांगितलंच नव्हतं. रंगावरून ओळखलंत, तांबडी होती. आमच्याकडची चिऱ्याची धूळ, रस्त्यावरची, खनिजाच्या ट्रकांची, सगळी वर्षानुवर्षं त्या जाळीत जाऊन बसलेली, केस आणि कपड्यांच्या धाग्यांबरोबर. साखळी म्हटलं तर म्हणालात, तेच ते. कळंगुट-कांदोळीकडची मशीनं आली की तांब्यावर हिरवा थर असतो, खाऱ्या हवेचा, आणि डिचोली-सत्तरीकडची आली की लाल. मला हे इतकं आवडलं ना, मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

पेस्टचं पण तसंच. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीच्या मधे जी ग्रीससारखी लावलेली असते ती थर्मल पेस्ट, ती पूर्ण वाळून कडक झाली होती, नखाने खरवडली तर भुकटी पडली. मी विचारलं की धातूला धातू चिकटलाच आहे तर पेस्ट कशाला, तर म्हणालात डोळ्याला सपाट दिसतं पण दोघांवर बारीक खड्डे असतात, त्यात हवा राहते, आणि हवेतून उष्णता धड जात नाही, ती जागा भरायला पेस्ट. आणि त्या चपट्या तांब्याच्या नळ्या, मी आयुष्यभर समजत होते की ती नुसती तार आहे, आत पोकळ असते आणि थोडंसं पाणी असतं, गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला परत पाणी, असं दिवसभर चाललेलं असतं, म्हणून ती वाकवायची नाही की चेपायची नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलंत, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवलीत, आणि स्क्रू त्यांच्या शेजारी कोरलेल्या आकड्यांप्रमाणे थोडे थोडे आवळलेत, एक पूर्ण मग दुसरा असं नाही, नाहीतर पट्टी एका बाजूला कलते. ब्लोअर मारताना पंख्यात दातकोरणी अडकवून ठेवलीत, तो वाऱ्याने गरागरा फिरला की बेअरिंग जातं म्हणून. आमच्याकडे लोक टायरवाल्याकडे नेऊन हवा मारून आणतात, पंखा मोकळाच, वर त्या कंप्रेसरच्या हवेत पाणी! आणि न उघडता बाहेरून मारली की ती पट्टी जागची हलत नाही, उलट कचरा आणखी आत.

परत तीच फाईल लावली. 78, 80, 83, तिथेच थांबला. वीरभद्र निघाला, फिरला, फाईल पूर्ण झाली. तुमच्या दुकानात तेव्हा प्रिंटर घेऊन आलेले दोघेजण पण आमच्याबरोबर स्क्रीनकडे बघत उभे होते, त्यांनाच जास्त आनंद झाला बहुतेक.

मी कूलिंग पॅड मागितला तर तुम्ही विकला नाहीत. समोर रॅकवर तीन ठेवलेले असताना! म्हणालात जाळी तुंबलेली असेल तर पॅड लावून काही होत नाही, आणि साफ असेल तर मागची बाजू जरा उचलून ठेवलीस तरी खालून वारा मिळतो, दोन-चार डिग्रीसाठी पैसे कशाला. आता मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन बुचं आहेत, काम चाललंय. आणि ती पॉवर सेटिंगमधली युक्ती, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट 100 च्या जागी 99 करायची, म्हणजे टर्बो, प्रोसेसरचा तो जास्तीचा स्पीड, बंद होतो, ती मी दुपारी वापरते. एक्स्पोर्टला वेळ जास्त लागतो पण तापमान आणखी बरंच खाली राहतं. मे महिन्यात खोलीतच 34 असतं तर पंखा त्याच्या खाली कुठून आणणार, तो खोलीतलाच वारा फिरवणार ना. रात्री खोली जरा थंड असते, लाईट पण जरा भरवशाची असते, तेव्हा परत 100.

बॅटरीचं तुम्ही जाता जाता सांगितलंत पण त्याचा उपयोग माझ्या मावशीला झाला. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेना झालं, तर बॅटरी फुगतेय समजायचं आणि चार्जिंग तिथल्या तिथे बंद, टोचायची दाबायची नाही. मावशीचा टचपॅड क्लिकच होत नव्हता आणि ती माऊस लावून खुशाल वापरत होती. मी बघितलं आणि अंगावर काटाच आला. बदलून घेतली तिने.

तुम्ही घेतलेल्या पैशात साधा ओरिजिनल चार्जर पण येत नाही. मी जास्त देत होते तर तुम्ही रागावलात, तेवढं एकदाच. पैशाचं राहू दे, पण त्या गर्दीच्या दिवशी तुम्ही मला शेजारी बसवून एकेक गोष्ट दाखवलीत, माझ्या प्रश्नांची उत्तरं दिलीत, आणि मी मोबाईलवर शूट करू का विचारलं तर हात बाजूला घेऊन जागा करून दिलीत. बाकी ठिकाणी मशीन आत नेतात आणि पडदा ओढतात. तुमचे मनापासून आभार, काका. चैत्रोत्सवाचा व्हिडिओ वेळेत गेला, मंडळाचे पैसे आले, आणि नव्या लॅपटॉपचे हप्ते टळले ते वेगळंच.

पावसात तो बॅगेत बंद करून ठेवायचा नाही, रोज थोडा वेळ तरी चालवायचा म्हणजे आत ओल धरत नाही, हे लक्षात आहे. आत मुंग्या शिरू द्यायच्या नाहीत, हे पण. टेबलाच्या पायांना आजीने खडूची रेघ ओढून ठेवलीय, तिचा त्याच्यावर नारळापेक्षा जास्त विश्वास आहे.

आणि एक काम. आमच्या भजनी मंडळाचा डेस्कटॉप आहे, रेकॉर्डिंगचा, तो चालू केला की घर्रर्र आवाज येतो आणि मग अर्ध्या तासाने आवाज आपोआप बंद होतो. मंडळी म्हणतात आवाज गेला म्हणजे बरा झाला. मला तर वाटतं पंखाच थांबत असावा. चवथीचं रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आत आणते, पण शुक्रवार सोडून, कारण तो डबा घेऊन बाजारातून यायची माझी ताकद नाही. गुरुवारी दुकान उघडं असतं ना, तेवढं मुलाकडून कळवा.

तुमची,
साखळीची व्हिडिओवाली बाय