कारखान्याला गेलेली माणसं कोणत्या गावात मोजणार?

मा. संपादक,
स. न.

जनगणनेच्या बातम्यांत जातीचा रकाना आणि मोबाइल ॲप यांवर भरपूर लिहून येते. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतल्या गावांपुढे मात्र त्याआधीचा प्रश्न आहे. फेब्रुवारी 2027 मध्ये प्रगणक दारात येईल तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या निम्म्या घरांना कुलूप असेल, मग ती माणसे मोजायची कुठे?

ही जनगणना दोन टप्प्यांत आहे. घरयादीचे काम एप्रिल ते सप्टेंबर 2026 दरम्यान प्रत्येक राज्याने ठरवलेल्या तीस दिवसांत होते. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये होते, आणि संदर्भ क्षण धरला आहे 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च सुरू होतानाची मध्यरात्र. ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतो आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की परततो. म्हणजे घरांची यादी होताना तो गावात असतो आणि माणसांची मोजणी होताना सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगावकडच्या उसाच्या फडात असतो. पहिल्या टप्प्यात त्याच्या घराला नंबर पडतो, पण मोजणीच्या वेळी त्या घरात माणूस नसतो. दुसऱ्या टप्प्यात माणूस ज्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतो, त्या कोपीला नंबर नसतो. अशा मजुरांचे आकडे आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितले जातात. एवढा फरक असलेले आकडे एका दमात सांगितले जातात, यातच सगळे आले.

नियम तसा स्पष्ट आहे. 2011 मध्ये मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी होती आणि 1 ते 5 मार्च फेरतपासणी. या काळात माणूस आपल्या नेहमीच्या घरी एखाद्या वेळी जरी राहिला असेल, तरी तो तिथे मोजायचा. संपूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे मोजायचा. या हिशेबाने मार्चपर्यंत फडातच असलेले कुटुंब कोल्हापूरच्या खात्यात जाते. कागदावर हे सोपे दिसते, घोळ गावात होतो. घरी म्हातारी असते. ती सांगते, "पोरं कारखान्याला गेल्यात, होळीला येत्यात." प्रगणक रेशनकार्ड मागवतो आणि त्यावरची सातही नावे उतरवून घेतो. तिकडे फडातल्या प्रगणकाने त्यातली पाच घेतलेली असतात. याच्या उलटही होते. गावातला प्रगणक नियमाप्रमाणे ती नावे सोडतो आणि फडात कोणी फिरकतच नाही. लहान मुलांचे तर दोन्हीकडून हाल. आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवणारे पोर आईने फडात सांगितले की दोनदा मोजले जाते, आणि दोघींनीही 'तिकडे धरलं असेल' म्हटले की एकदाही नाही.

यातला तिसरा पेच पट्टा लवकर पडण्याचा आहे. ऊस कमी असला की काही कारखाने फेब्रुवारीतच बंद होतात. बारा तारखेला फडात मोजलेले कुटुंब बावीसला गावी येते आणि नियमाने पुन्हा गावात मोजायला पात्र ठरते. ॲप नावावरून माणूस ओळखणार नाही. त्यामुळे गावातल्या प्रगणकाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की या महिन्यात आणखी कुठे कोणी तुमची माहिती लिहून घेतली का. प्रशिक्षणात हे वाक्य तोंडपाठ करून घ्यावे.

कोपीबद्दलही गैरसमज आहे. पाचट-ताडपत्रीची झोपडी म्हणजे घर नाही असे समजून प्रगणक ही माणसे 'बेघर' ठरवतो आणि 28 फेब्रुवारीच्या रात्रीच्या फेरीवर ढकलतो. हे चूक आहे. छप्पर जमिनीला टेकलेले, भिंत नसलेली, पण आत जायला वाट असलेली शंकूसारखी झोपडी जनगणनेच्या व्याख्येत इमारतच धरली जाते. कोपीची घडण नेमकी हीच आहे. तिला क्रमांक द्यायचा, नजरी नकाशात दाखवायची आणि इतर घरांसारखी मोजायची. उघड्यावर, पुलाखाली झोपणाऱ्यांसाठीची एका रात्रीची फेरी हजार कोप्यांना पुरणारही नाही.

पुरणार नाही म्हणायचे कारण, एका प्रगणकाकडे साधारण सातशे-आठशे वस्तीचा गट असतो. कारखान्याजवळच्या तळावर बैलगाडीवाल्यांच्या तीनशे कोप्या पडल्या की हजारावर माणसे वाढतात. उन्हाळ्यात गट आखताना ते मोकळे रान होते. तहसीलदारांनी, म्हणजे ग्रामीण भागातल्या चार्ज अधिकाऱ्यांनी, अशा तळांचे स्वतंत्र गट जानेवारीतच पाडावेत आणि जादा प्रगणक नेमावेत. ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्यांचे काम आणखी अवघड. आठ-दहा कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांची, टोळी आज या शिवारात, पुढच्या आठवड्यात त्या.

या टोळ्या कुठे आहेत हे महसूल खात्याला माहीत नसते, कारखान्याच्या शेतकी विभागाला मात्र रोज माहीत असते. तोडणीचा कार्यक्रम, उसाच्या चिठ्ठ्या देणाऱ्या स्लिपबॉयची वही, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाचा करार यांत ते सगळे असते. साखर आयुक्तालयाने प्रादेशिक सहसंचालकांमार्फत राज्यातल्या दोनशेच्या आसपास कारखान्यांकडून गटवार टोळ्यांची यादी घ्यावी आणि मोजणी सुरू होण्याआधी ती चार्ज कार्यालयात पोचवावी. यादी फक्त ठिकाणे सापडावीत म्हणून. मुकादमाला विचारून त्याच्या वहीवरून माणसे भरायची नाहीत. त्या वहीत उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, नवऱ्याच्या नावावर असते आणि बायको 'अर्ध्या कोयत्या'त जमा असते. तिचे नाव, वय, शिक्षण, मुले हे तिलाच विचारायचे. कामाच्या प्रश्नाला 'घरकाम' लिहिले तर पहाटे चारला फडात उभी राहणारी बाई शेतमजुरांच्या तक्त्यातून गायब होते.

वेळेचेही पाहावे लागेल. सकाळी दहाला कोप्यांवर गेले तर तान्ही मुले आणि कुत्री भेटतील. माणसे भेटतात सूर्य मावळल्यावर, तीही गाडी भरायला निघाली नसतील तर. शाळा सुटल्यावर जाणाऱ्या शिक्षक-प्रगणकाला तिथे संध्याकाळी पोचायला वाहन द्यावे. शिवारात रेंज नसते, म्हणून ॲप जाण्याआधीच उघडून गटाची माहिती उतरवून घ्यावी.

दोन रकाने विशेष जपावेत. 'शेवटचे वास्तव्य' विचारले की टोळी मागच्या आठवड्यातल्या शिवाराचे नाव सांगते आणि बीडमधल्या मूळ केज-पाटोद्याचा माग तिथेच तुटतो. हंगामापूर्वीचे गाव, तालुका, जिल्हा लिहावा, स्थलांतराचे कारण काम आणि मुक्काम एका वर्षाहून कमी. दुसरा रकाना जातीचा. फडात वंजारी आणि बंजारा शेजारी शेजारी राहतात. राज्याच्या यादीत वंजारी भटक्या जमाती 'ड' मध्ये आहेत आणि बंजारा विमुक्त जाती 'अ' मध्ये. ऐकण्यातली एक चूक माणसाला दुसऱ्या प्रवर्गात टाकते. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत एकट्या महाराष्ट्रातून 4,28,677 जाती नोंदल्या गेल्याचे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते, अधिसूचित जाती-जमाती होत्या 494. जे ऐकू आले ते लिहिण्याचा हा परिणाम.

गावाचे नुकसान किती, तेही पाहा. समजा गावची लोकसंख्या 1650 आहे. चारशे माणसे फडात मोजली गेली की उरली 1250. आपल्याकडे 1500 पर्यंत ग्रामपंचायतीचे सात सदस्य आणि त्यापुढे 3000 पर्यंत नऊ. दोन जागा गेल्या, आणि डोक्यावर मिळणारा निधीही त्याच आकड्यावर. नियम मोडून गावातच मोजा, असे मुळीच म्हणणे नाही. पण हंगामी स्थलांतरितांचा मूळ तालुक्यानुसार वेगळा तक्ता काढला, तर निधी वाटताना राज्य सरकारला तो आधाराला घेता येईल. त्यासाठीच वर म्हटलेला 'शेवटचे वास्तव्य' हा रकाना नीट भरायला हवा.

कारखानदारांना यादी द्यायची भीती वाटत असेल, तर 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 त्यांना दाखवावे. जनगणनेतली नोंद कोणाला पाहता येत नाही आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. मजुरांनाही हे मुकादमासमोरच सांगावे.

राहिला प्रश्न राज्याबाहेरचा. बेळगाव-बागलकोटच्या फडात प्रगणक कानडी आणि मजूर मराठी, बारडोलीकडे गेलेल्या नंदुरबारच्या टोळ्यांसमोर गुजराती प्रगणक. तिथल्या प्रशिक्षणात मराठीतली प्रश्नावली आणि आपल्याकडची जातींची यादी असावी, एवढे महाराष्ट्राच्या जनगणना संचालनालयाने शेजारच्या दोन संचालनालयांना आताच कळवावे. जानेवारीत कळवून उपयोग नाही, तोवर तिकडची प्रशिक्षणे उरकत आलेली असतील.

– एक निवृत्त जनगणना पर्यवेक्षक, अंबाजोगाई