थकव्याच्या रुग्णांसाठी मिरजेत ठरावीक दिवशी तपासणी व्हावी

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय सुरू केल्यापासून मिरजेला पार उत्तर कर्नाटकातून रुग्ण येत आले आहेत. त्या मिरजेच्या शेजारी, सांगलीत राहूनही माझ्या पत्नीच्या आजाराचे नाव कळायला आम्हाला दोन वर्षे लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०२१ च्या मे महिन्यात तिला कोविड झाला. ताप आठवड्यात उतरला, पण अंगातली शक्ती परत आली नाही. पंचवीस वर्षे वर्गात उभ्याने शिकवलेली ती आता ओट्याजवळ स्टूल घेऊन भाकरी करायला बसते आणि तिसऱ्या भाकरीला तिचा हात थांबतो. रात्रभर झोपूनही सकाळी ती न झोपल्यासारखी उठते, आणि बोलता बोलता रोजच्या वापरातला शब्दही तिला आठवेनासा होतो.

हिमोग्राम, सीआरपी, थायरॉईड, फेरिटिन, बी-१२, साखर, मूत्रपिंड, यकृत अशा सगळ्या तपासण्या झाल्या. त्या अनावश्यक होत्या असे मी मुळीच म्हणत नाही. रक्तक्षय, थायरॉईडची कमतरता, क्षयरोग किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार यांतही असाच थकवा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. परंतु ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ या वाक्यावर दर वेळी फाईल मिटली. एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका, रोज चाला, असे सांगितले. ती चार दिवस आमराईत चालली, आणि त्यानंतरचे दोन आठवडे तिला भिंत धरून न्हाणीपर्यंत जावे लागले.

हे जे दोन आठवडे, तीच या आजाराची खूण आहे, हे आम्हाला फार उशिरा समजले. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच एमई-सीएफएस, ओळखणारी एकही रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. निदान होते ते रुग्णाची हकीकत नीट ऐकून. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली सांगितलेल्या निकषांनुसार सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला व कामाची क्षमता खूप घटवणारा थकवा, श्रमानंतर बळावणारा त्रास आणि ताजेतवाने न करणारी झोप ही तीन लक्षणे हवीत, आणि त्यांच्या जोडीला विचार-स्मरणातील अडचण किंवा उभे राहिल्यावर वाढणारा त्रास यांपैकी एक तरी असावे. ‘दमल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते?’ हा एक प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. आम्हाला तो दोन वर्षांत कोणीही विचारला नव्हता.

चालण्याच्या सल्ल्याविषयीही लिहिणे मला भाग आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली आणि व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नये असे स्पष्ट केले. हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. शक्ती महिन्याच्या पगारासारखी पुरवून वापरायची, आणि झोप, वेदना व चक्कर यांवर शक्य ते उपचार घ्यायचे, एवढे मात्र करता येते.

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात होता. शेवटी ज्या डॉक्टरांनी निदान केले, त्यांनी आडवे पडून आणि मग दहा मिनिटे उभे राहून नाडी मोजायला सांगितली. पडलेली असताना ७४ असलेली नाडी उभ्याने ११२ झाली. प्रौढांमध्ये नाडी अशी ३० ठोक्यांहून अधिक वाढली आणि रक्तदाब फारसा उतरला नाही, तर पॉट्स या विकाराची शंका घेतली जाते आणि त्यावर औषधेही आहेत. ही साधी तपासणी तालुक्याच्या दवाखान्यातही करता येईल. मात्र शेजारी कोणीतरी उभे असावे, कारण रुग्णाला भोवळ येऊ शकते.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने महिन्यातून एक दिवस तरी अशा रुग्णांसाठी ठेवावा, तेथे मेडिसिन, मेंदूविकार आणि मानसोपचार विभागांच्या डॉक्टरांनी रुग्णाला एकत्र पाहावे, आणि उभे राहणे अशक्य असलेल्यांना रांगेऐवजी खाट मिळावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पत्नी रोजचे श्रम आणि त्यानंतरचा त्रास एका वहीत लिहून ठेवते. ती वही कोणत्या वारी, कोणत्या खोलीत दाखवायची, हे आपल्या वृत्तपत्रातून कळले तर तिच्यासारख्या अनेकांची पायपीट वाचेल.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली