विश्वासाचे गुण आणि कोपऱ्यातला हजेरी क्रमांक

संपादक महोदय,

ख्रिस्ती महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांचा विश्वास प्रश्नावलीने मोजावा की नाही, यावर आपल्या सदरात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. विश्वास ही मोजण्याची गोष्टच नव्हे, असे एका वाचकाने लिहिले. दुसऱ्याने गुणांच्या सरासरीवर बोट ठेवून आपली मुले देवापासून दुरावलेली नाहीत असा निर्वाळा दिला. मला दोघांचेही पटत नाही. मी स्वतः विश्वासणारी आहे, मानसशास्त्र शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली आणि अशा प्रश्नावल्या मी वर्गात वाटल्या, गोळा केल्या, तपासल्या. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय या चर्चेत बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी वीस विधानांचा कागद भरून घेतला जाई. देव माझी प्रार्थना ऐकतो, देवाशी माझे नाते जवळचे आहे, अशा धर्तीची विधाने, आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या चौकटी. वर कोपऱ्यात हजेरी क्रमांक. एका वर्षी वरून निरोप आला की अमुक गुणांच्या खाली असलेल्यांची यादी द्या, त्यांना समुपदेशनासाठी बोलवायचे आहे. मी यादी दिली. त्यात एक मुलगी होती. त्याच वर्षी तिची आई गेली होती आणि प्रार्थनेच्या विधानापुढे तिने ‘पूर्ण असहमत’वर खूण केली होती. तिला बोलावले गेले, दोनदा. पुढच्या वर्षी तिचा कागद माझ्याकडे आला तेव्हा वीसच्या वीस विधानांना तिने सर्वांत वरचे गुण मिळतील अशाच खुणा केल्या होत्या. अहवालात ती सुधारणा म्हणून धरली गेली. मी तिला एकटीला गाठून विचारले. ती म्हणाली, “मॅडम, पुन्हा बोलावू नये म्हणून तसं भरलं.”

तिचा पहिला कागद खरा होता आणि दुसरा खोटा. गुण मात्र दुसऱ्याला जास्त.

म्हणून सरासरीवर विसंबणाऱ्या वाचकाला मला सांगायचे आहे की ख्रिस्ती महाविद्यालयात हे गुण उंच येणारच. पालुट्झियन आणि एलिसन या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली आध्यात्मिक स्वास्थ्याची मापनपट्टी जगभर वापरली जाते. विधाने वीस, प्रत्येकाला सहापर्यंत गुण, म्हणजे एकूण १२०. नियमित उपासनेला जाणाऱ्या ख्रिस्ती गटांत ती भरून घेतली की पुष्कळांचे गुण अगदी माथ्याला जाऊन टेकतात. सगळेच छताला डोके लावून उभे असतील तर कोण किती उंच हे कळणार कसे? त्यात कागद वाटणारे स्वतः पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू असतील, किंवा अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत असे शिक्षक असतील, तर विद्यार्थी आपला विश्वास लिहील की समोरच्याला काय आवडेल ते लिहील, हे मी वेगळे सांगायला नको.

तरीही विश्वास मोजूच नये असे मी म्हणणार नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये चर्चला जाणाऱ्यांसमोर अशीच विधाने ठेवली. काही माणसे धर्म वापरतात, ओळखीपाळखीसाठी, मनाच्या दिलाशासाठी. काही माणसे धर्म जगतात. हा भेद त्यांना पाहायचा होता. धर्म वापरणाऱ्यांच्या मनात इतर वंशांच्या लोकांविषयी पूर्वग्रह अधिक आढळला. त्याहून अधिक तो आढळला तिसऱ्याच एका गटात: धर्माच्या बाजूचे जे जे विधान येईल त्याला, परस्परविरोधी असले तरी, मान डोलावणाऱ्यांमध्ये. ख्रिस्ती शिक्षकांनी हे मनावर घ्यायला हवे, आणि प्रश्नावलीशिवाय ते उघडकीला आले नसते. सगळीकडे ‘सहमत’ लिहिणारा विद्यार्थी पाहून आपण सुखावतो. सुखावू नये.

शंकेचे काय करायचे, यावर तर मापनपट्ट्यांमध्येच एकमत नाही. ख्रिस्ती सिद्धांतांवरच्या विश्वासाची फुलरटन आणि हन्सबर्गर यांची मापनपट्टी घेतली तर पुनरुत्थानाविषयी शंका असलेल्याचे गुण कमी होतात. डॅनियल बॅट्सन यांची शोधवृत्तीची मापनपट्टी घेतली तर शंकांना मोल देणाऱ्याचे गुण वाढतात. मुलगा तोच आणि शंकाही तीच. मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, आजारी मुलाचा बाप येशूसमोर आपला विश्वास आणि अविश्वास एकाच श्वासात बोलून दाखवतो. त्याने कुठल्या चौकटीत खूण करावी? मधल्या चौकटीत केली तर आपण त्याला ‘तटस्थ’ म्हणणार, आणि तटस्थ तर तो मुळीच नव्हता.

याच बॅट्सन यांनी जॉन डार्ली यांच्याबरोबर प्रिन्स्टनमधल्या ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी धार्मिकतेच्या प्रश्नावल्या आधी भरल्या होत्या. मग त्यांना छोटे भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले. निम्म्यांना विषय दिला होता चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट. वाटेत एक माणूस दाराशी वाकून बसलेला, खोकत, कण्हत. ४० पैकी १६ जणांनी मदत केली. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, आणि उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. कोण थांबेल हे प्रश्नावलीच्या गुणांवरून सांगता आले नाही. मी हा प्रयोग दरवर्षी शिकवत असे, आणि तरीही ती यादी दिली.

भाषेचाही प्रश्न आहे. बहुतेक मापनपट्ट्या इंग्रजीत तयार झाल्या आणि आपण त्यांचे मराठी घाईघाईने करतो. न पाहता ‘सहमत, सहमत’ करत जाणारे ओळखता यावेत म्हणून काही विधाने मुद्दाम उलटी, नकारार्थी लिहिलेली असतात. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येतो. मराठीत ‘नाही’ शेवटी येते, आणि भराभर वाचणारा विद्यार्थी तिथवर पोचायच्या आत खूण करून मोकळा होतो. ‘मी धार्मिक आहे’ या साध्या विधानाचेही तसेच. प्रार्थनेशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही असे विद्यार्थी त्यापुढे ‘असहमत’ लिहिताना मी पाहिले आहेत, कारण त्यांच्या कानाला ‘धार्मिक’ म्हणजे परुशी, बाहेरून पाळणारा. ‘विश्वास’ म्हणावे तर तो देवावरही असतो आणि मित्रावरही. म्हणून भाषांतर झाले की मूळ विधाने न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्यावे आणि मुळाशी ताडून पाहावे. मग दहा-बारा विद्यार्थ्यांना प्रत्येक विधान वाचायला देऊन ‘यातून तुला काय समजले?’ एवढेच विचारावे. याला दोन दिवस लागतात. आम्ही ते कधी दिले नाहीत.

जे प्राध्यापक आणि पाळक यंदा असा कागद काढणार असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हजेरी क्रमांक घेऊ नका. कागद बाहेरच्या माणसाकडून वाटून घ्या. भरायचा नसेल तर कोरा परत देता येईल, हे मोठ्याने सांगा. गटाविषयी काय बोलायचे ते बोला, पण एका विद्यार्थ्याच्या गुणांवरून त्याला बोलावू नका, प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहासाठी तर ते पाहूही नका. आणि खाली अर्धे पान मोकळे सोडा. त्या मुलीला आईविषयी चार ओळी लिहायच्या असतील असे मला आज वाटते, आणि आमच्या कागदावर तेवढी जागा नव्हती.

निवृत्तीनंतर मी नकार टाळून वीस विधाने सोप्या मराठीत लिहिली आणि विद्यार्थ्यांकडून ती वाचून घेऊन दुरुस्त केली आहेत. कुणाला हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी पाठवीन.

आपली,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका