शिक्क्याचे केस

गेथर्सबर्ग, मेरीलँड

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू हसलीस ना, "एवढं केमिस्ट्री शिकून तिकडे केस निवडाले गेली काय गं?" तेच करते बघ. कंगव्यातले केस तू बोटाला गुंडाळून पिशवीत जमवतेस, मग केसांवर भांडी देणारी आपल्या महाल भागात आली की एका वाटीसाठी तिच्याशी तासभर घासाघीस! इथेही केस तोलूनच घेतात, फक्त मिलिग्रॅममध्ये.

कोणी कोकेन घेतलं की ते रक्तातून केसाच्या मुळाशी पोचतं आणि वाढत्या केसात अडकून बसतं. लघवीत काही दिवसांनी सापडत नाही. केस मात्र महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाकडचे 3 सेंटिमीटर म्हणजे मागचे तीन महिने. पण केस तपासणारं यंत्र खरं बोलतंय हे कसं कळावं? बाबांना इतवारीतल्या दुकानाची वजनं शिक्का मारून आणावी लागतात ना, तसे आम्ही शिक्क्याचे केस करतो. आत किती काय आहे ते आधीच पक्कं ठाऊक असलेले. याच गावातल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने असे केस काढलेत, एसआरएम (म्हणजे प्रमाणित संदर्भ नमुने) 2379 आणि 2380.

कोरे केस कोकेनच्या पाण्यात भिजवणं सोपं, पण ते ताजं लोणचं झालं. व्यसन्याच्या केसातलं मुरलेलं असतं, धुतलं तरी सहज निघत नाही. शिवाय दळण! केस द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून कडक केले की छान पीठ होतं, नाहीतर गुंता व्हायची भीती. मागच्या महिन्यात मी घाई केली. पीठ बाटल्यांत भरून तपासलं तर पहिल्या बाटलीचा आकडा वेगळा, शेवटचीचा वेगळा. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. साहेब काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

कोकेनची नेहमीची मर्यादा 1 मिलिग्रॅम केसात 0.5 नॅनोग्रॅम. तपासणीत तेवढं सापडलं तर कोणाची नोकरी जाऊ शकते. त्यात काळ्या केसांत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, म्हणून तेवढ्याच मात्रेला सोनेरी केसांपेक्षा ते जास्त कोकेन धरून ठेवतात. म्हणजे तोटा आपल्यासारख्यांचाच! यावरून मी इथे रोज भांडते.

म्हणूनच परवा कोरे काळे केस हवे होते तेव्हा मी माझी वेणी दिली, चांगली वीतभर. फोटो का पाठवत नाही विचारत होतीस ना? ओरडू नकोस, आणि आजीला इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
छकुली