गेटवर अडलेली लस

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पल्स पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघरी फिरतात, बूथवर न आलेली बाळं शोधत. यंदा अशा दोघींना आमच्या सोसायटीच्या वॉचमनने पाऊण तास गेटवर बसवून ठेवलं. सेक्रेटरींचा फोन लागेना आणि परवानगीशिवाय सोडायचं नाही हा नियम. तेवढ्या वेळात किराणा पोचवणारी चार-पाच पोरं मात्र आत जाऊन आली. मी भाजी घेऊन परतत होतो म्हणून हे दिसलं.

मग मीच त्यांच्याबरोबर निघालो. (वर जाताना लिफ्ट, उतरताना जिना, एकही दार सुटायला नको म्हणून.) निम्मी दारं उघडलीच नाहीत. उघडली तिथे दोन प्रश्न ठरलेले. "आमचे सगळे डोस डॉक्टरांकडे झालेत, मग हा कशाला?" अहो, हा जादाच डोस असतो. एकाच वेळी सगळ्या मुलांच्या पोटात लस गेली की विषाणूला राहायला आतडंच उरत नाही, हीच तर या मोहिमेची युक्ती. दुसरा प्रश्न, "उन्हातून फिरवलेली लस चांगली असेल का?" ताईंनी मुकाट्याने कुपी पुढे केली. लेबलवर एक गोल आणि त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला की टाकून द्यायची. माझ्या फ्रीजमधल्या दुधाबद्दल मला इतकी खात्री नसते.

"काका, वस्तीत आम्हाला पाणी विचारतात. इथे आधी ओळखपत्र," त्यातली एक म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, सहज.

घर झालं की दाराशी खडूने खूण करतात. सगळी मुलं झाली तर 'पी', कोणी राहिलं तर 'एक्स', म्हणजे तिथे पुन्हा यायचं. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत सगळ्या खुणा पुसून झाल्या होत्या. भिंतींना नुकताच रंग दिलाय म्हणे! ताईंच्या कागदावर नोंद राहते, पण मागून तपासायला येणाऱ्याने दाराशी काय पाहायचं?

देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे. आणि परदेशी जा-ये वस्तीपेक्षा आमच्यासारख्या सोसायट्यांतूनच जास्त.

महापालिकेने मोहिमेच्या आठवडाभर आधी प्रत्येक सोसायटीला लेखी कळवावं, सहकार खात्याच्या उपनिबंधकांनीही परिपत्रक काढावं. आमचे अध्यक्ष म्हणतात, क्लबहाउसमध्ये टेबल मांडून देतो. ते पुन्हा बूथच झालं. बूथवर जे आले नाहीत, त्यांच्यासाठीच तर या दोघी दार वाजवत होत्या.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, ठाणे