दादाच्या ग्लासाबद्दल थँक्यू, ताई

ताई नमस्कार,

तुम्ही केटरिंग केलेलं मे महिन्यातलं नाशिकचं रिसेप्शन आठवतंय ना, मी त्या नवरदेवाची बहीण, तुम्हाला उठसूट फोन करून पिडणारी. जेवणाचं कौतुक तर लोकांनी हात धुता धुताच केलं होतं, पण मला थँक्यू म्हणायचंय ते तुमच्या ड्रिंक्सच्या मेन्यूला, आणि तेही सगळ्यांसमोर.

आमच्या मोठ्या दादाने दारू सोडलीय (त्याला विचारूनच लिहितेय, बिनधास्त लिही म्हणाला). मुलीकडच्यांना बार हवा होता, उत्पादन शुल्ककडून एका दिवसाचं लायसन्सही काढायचं ठरलं होतं, मग आमच्यातल्या कुणीतरी सुचवलं की न पिणाऱ्यांसाठी झीरो झीरो, म्हणजे बिनअल्कोहोलची बिअर ठेवू या. तेव्हा तुम्ही विचारलंत, "न पिणारे म्हणजे कधीच न घेतलेले, की सोडलेले?" खरं सांगते, इतका नेमका प्रश्न आम्हा घरच्यांनाही कधी सुचला नव्हता. सोडलेल्या माणसाला तोच वास, तीच चव, तोच फेस पुढे आला की जुनी तलफ जागी होऊ शकते, त्यामुळे बिअरसारखं, वाइनसारखं काही नकोच, वेगळंच काहीतरी करू, असं म्हणून तुम्ही तो विषय तिथेच संपवलात. बिटर्सचीही (कॉकटेलमध्ये थेंबभर टाकतात तो कडू अर्क) बाटली न पिणाऱ्यांच्या काउंटरवर ठेवू दिली नाहीत, कारण दोन थेंबच टाकतात हे खरं असलं तरी अँगोस्तुरा नावाच्या बिटर्समध्ये 44.7 टक्के अल्कोहोल असतं, हे मला तर तेव्हाच कळलं. शेकर वेगळे, मापं वेगळी, गाळणीसुद्धा वेगळी!

आणि चवीचं काय सांगू. मॉकटेल म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर ते निळं सिरप, वर सोडा आणि कागदाची छत्री येते, अर्धा ग्लास प्यायला की पोटात साखरेचा गोळा. तुमच्याकडे कोकमाचं होतं ते सरबताच्या गोड सिरपचं नाही तर आगळाचं, आगळ आधीच खारट म्हणून मीठ फक्त ग्लासाच्या कडेला तिखटात मिसळून लावलेलं, आत आल्याचा रस, उभी चिरलेली मिरची आणि अगदी शेवटी सोडा. घशाखाली उतरताना मस्त चटका बसायचा. कैरी भाजून केलेलं पन्हं, गूळ बेताचा. पण माझं आवडतं म्हणजे तो गार कोरा चहा, गवती चहा घालून उकळलेला आणि वर टॉनिक वॉटर. तुम्ही म्हणालात ते मला पटलं, चहाचा तुरटपणा आणि टॉनिकमधल्या क्विनाइनचा कडवटपणा असला की माणूस गटागटा पीत नाही, घोट घोट घेत गप्पा मारत उभा राहतो, आणि पार्टीत तेच तर हवं असतं. गोड सरबत दोन मिनिटांत संपतं आणि मग हातात रिकामा ग्लास, की आलेच लोक विचारायला.

तुम्ही ही ड्रिंक्स मेन्यूकार्डावर खाली "लहान मुलांसाठी" मध्ये कोंबली नाहीत तेही बरं केलंत. सगळी नावं एकाच यादीत, काचेचे ग्लास सारखेच, बर्फाचे तेच मोठे क्यूब (मे मधल्या उकाड्यात ते टिकले कसे हे मला अजून कोडं आहे). पोरांनाही तुम्ही शिकवून आणलं असणार, कारण एकानेही "सर, तुम्ही ड्रिंक नाही घेत?" असं विचारलं नाही, फक्त "काय देऊ?" तेवढंच. आमच्या गर्दीत एक गरोदर वहिनी होती, परत गाडी चालवत मुंबईला जाणारे भावजी होते, कॉलेजातली भावंडं होती ज्यांना महाराष्ट्रात कायद्याने 25 च्या आत हार्ड ड्रिंक चालत नाही, आणि काका तर माळकरी. सगळे त्याच काउंटरला टेकून उभे होते आणि कोण का पीत नाही याची चौकशी करायला कुणाला कारणच मिळालं नाही.

दादा मागच्या लग्नांमध्ये अर्ध्या तासात जेवून निघायचा, कारण "एकच घे रे, भावाचं लग्न आहे" हे ऐकून ऐकून तो वैतागलेला असतो. या वेळी शेवटपर्यंत थांबला आणि मामांशी द्राक्षाच्या भावावरून कडाकडा भांडला, म्हणजे अगदी फॉर्मात होता. मामांनी त्याच्या हातातला ग्लास बघून "मलाही तेच सांग" म्हटलं, ते कोकमाचं निघालं तरी कुरकुर न करता दुसरा मागितला, आणि आमचे मामा कुरकुर न करता काही करत नाहीत हे तुम्हाला बिलाच्या वेळी कळलंच असेल.

बिलावरून आठवलं, या ड्रिंक्सना मेहनत दारूपेक्षा जास्त लागते. बाटली उघडून ओतणं सोपं, इथे आलं किसा, कैऱ्या भाजा, लिंबं आयत्या वेळी पिळा. त्यामुळे ज्यांना "पाण्याचे एवढे पैसे?" वाटतं त्यांनी एकदा तुमच्या त्या पोरांबरोबर दुपारी चार वाजता उभं राहून बघावं.

आता कामाचं. आत्याकडे मुंज आहे, तिथे बारचा प्रश्नच नाही, पण तिला पन्हं आणि तो चहा दोन्ही हवेत, तारीख फोनवर सांगते. आणि आई विचारतेय, आगळ कुठून आणता? आमच्या इथल्या दुकानातलं नुसतंच खारट लागतं.

तुमची,
नवरदेवाची बहीण